मदत हवी आहे: अमेरिकन फुटबॉलमध्ये स्नॅप (डाव सुरू करताना जमिनीवरचा बॉल मागे देणं) पायांमधून न देता बाजूने दिला तर चालतो का?

मुलगा इथे न्यू जर्सीत आठवीच्या संघात सेंटर, म्हणजे स्नॅप देणारा, आहे. पोरांना २०१० चा टेक्ससमधल्या कॉर्पस क्रिस्टीचा तो गाजलेला डाव करायचाय: सेंटर खांद्यावरून बॉल देतो, क्वार्टरबॅक (मागे बॉल घेणारा) निवांत चालत निघतो, समोरचे बघतच राहतात.

इथल्या शाळांच्या खेळाचे नियम ठरवणाऱ्या हायस्कूल फेडरेशनचे नियम वाचले. स्नॅप एका झटक्यात, न थांबता मागे जायला हवा; पायांमधूनच हवा असं कुठे दिसलं नाही. पुढच्या लाइनवर किमान पाचजण, मागे चारपेक्षा जास्त नाहीत, सगळे सेकंदभर स्थिर, तेही जमतंय. टेक्ससमधल्या शाळा कॉलेजचे नियम वापरतात, म्हणून तिथला दाखला नको. एनएफएल या व्यावसायिक लीगचाही नको.

अडलंय ते इथे: प्रशिक्षक बाहेरून ‘अरे, चुकीचा बॉल आहे!’ असं ओरडले, तर रेफरी स्नॅपच बेकायदा धरतो की अखिलाडू वर्तनाचे १५ यार्ड लावतो? आणि कुणी चकार शब्द न काढता केला तर?