फ्रेंच कफलिंक्सवरचा कारागिराचा ठसा वाचायला मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

गेल्या रविवारी पॅरिसजवळच्या सँ-तुआँच्या जुन्या बाजारातून सोन्याच्या कफलिंक्सची एक जोडी घेतली. गडद निळा पारदर्शक मीना, आणि त्याखाली यंत्राने कोरलेल्या बारीक लाटा. जरा तिरकं धरलं की त्या लाटा मधून बाहेरच्या कडेकडे सरकल्यासारख्या दिसतात. इतकं देखणं काम मी कधी हातात घेतलं नव्हतं.

जोडणाऱ्या कडीवर गरुडाचं डोकं स्पष्ट दिसतंय, म्हणजे फ्रान्समध्ये तपासलेलं, बहुधा १८ कॅरेट सोनं. पण हा ठसा १८३८ पासून चालत आलाय, त्यामुळे त्यावरून काळ ठरत नाही. बाहेरून आलेल्या सोन्यावर १८९३ पासून घुबडाचा ठसा मारला जाऊ लागला, तो इथे कुठेच नाही.

अडलंय ते कारागिराच्या ठशाशी. शंकरपाळ्याच्या आकाराची चौकट आहे, तांदळाच्या दाण्याहूनही लहान. दहापट भिंगातून डावीकडे 'एल' दिसतो, उजवीकडचं अक्षर झिजलंय. मधलं चिन्ह मला कधी तारा वाटतं, कधी फूल. नाव शोधायचं तर तेच चिन्ह महत्त्वाचं, कारण तीच आद्याक्षरं अनेकांची असतात.

असे झिजलेले ठसे कुणी वाचले आहेत का? फोटोसाठी उजेड कोणत्या बाजूने पाडावा? एकाने पॉलिश करून घ्या असं सुचवलं, पण मला ते अजिबात पटत नाही. उरलेली रेषही जाईल. एका कडेला मीन्याचा टवका उडालाय, त्यामुळे साफ करायला अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये (ध्वनिलहरींनी मळ काढणाऱ्या) टाकायचीही भीती वाटते. तो टवका तसाच ठेवावा का?