रत्नागिरीजवळ नाचणे गावात भाजीचा वाफा भाड्याने मिळतोय, पण मालक कागद करायला तयार नाहीत. घ्यावा का?

अबोली_रत्नांग्री

आम्ही मारुती मंदिरच्या मागे तिसऱ्या मजल्यावर राहतो. गॅलरीत चार कुंड्या, त्यातल्या दोन तुळशीच्या. नाचण्याच्या बाजूला एका गृहस्थांचा चार गुंठ्यांचा प्लॉट नुसताच पडून आहे. त्यांनी दोऱ्या लावून 10 बाय 20 फुटांचे वाफे पाडलेत आणि ते भाजी लावायला फ्लॅटवाल्यांना देतायत. महिना 300 रुपये, सहा महिन्यांचे आगाऊ. विहीर आहे, पंप आहे. आमच्या बिल्डिंगमधल्या दोघांनी नावं दिली पण. मी कागदाचं विचारलं तर म्हणाले, "लिहूनबिहून काही नको, तोंडी काय ते." घरी सासूबाईंचं म्हणणं, 1800 रुपयांत बाजारातून पावसाळाभर भाजी येईल. जमीन लालभडक, मध्येमध्ये पहार मारली की ठण्णकन वाजते. जाणकारांनी सांगा, पैसे देण्याआधी काय काय विचारू?

चिव्याची_काठी

बिनधास्त घ्या. फक्त कुंपण बघा. गडगा कमरेएवढा असला तरी रात्री उनाड गुरं आत येतात. आणि वानरांना कुंपणबिंपण काही नाही. आमच्या शेजाऱ्यांनी गेल्या साली वांगी लावली होती, ती वानरांनी एकेक चावा घेऊन टाकून दिली. खाल्ली असती तरी वाईट वाटलं नसतं.

जुना_सातबारा

अबोलीताई, मालक कागदाला का बिचकतात ते आधी सांगतो. तुमच्यावर अविश्वास नाही, कुळकायद्याची धास्ती आहे. मी याच जिल्ह्यात तलाठी होतो. निवृत्त झालो तरी लोक अजून पडवीत येऊन सातबारा उलगडतात, म्हणून ही भीती मला तोंडपाठ आहे. कायदा 1948 चा. पुढे 1 एप्रिल 1957 हा कृषकदिन ठरला आणि कसणारं कूळ मालक मानलं गेलं. त्यात ज्यांच्या आजोबांची भातजमीन गेली, त्यांची नातवंडं आजही दुसऱ्याला चार मिरच्या लावू देताना दहादा विचार करतात. ज्यांची कुळं होती त्यांच्या घरी हीच गोष्ट वेगळ्या सुरात सांगतात, हेही खरं.

पण तुमचे मालक समजतात तसं कागद टाळून काही साधत नाही. शेतजमीन दुसऱ्याला कायदेशीर कसायला दिली, की करार तोंडी असला तरी कुळाचा वाद उभा राहू शकतो. उलट कागदावर स्वच्छ लिहिलं तर दोघांचंही भलं. तेव्हा त्यांना पहिलं विचारा, प्लॉट बिनशेती झालाय का? झाला असेल तर त्यांची निम्मी धास्ती तिथेच उतरेल. मग 11 महिन्यांची साधी वापर परवानगी करा: फक्त भाजी लावायला, जमिनीवर हक्क नाही, पीकपाहणीला (सातबाऱ्यावरच्या पिकाच्या नोंदीला) नाव नाही, मुदत संपली की वाफा रिकामा. आणि मध्येच वाफा काढून घेतला तर उरलेल्या महिन्यांचे पैसे परत, हेही त्यातच. मसुदा एकदा वकिलाच्या नजरेखालून घाला. जमीन शेतीचीच निघाली तर वकिलाला विचारल्याशिवाय एक रुपया देऊ नका.

एवढं सगळं लिहिलं खरं, पण मला कागदापेक्षा त्या विहिरीची चिंता आहे. आत्ता फेब्रुवारीत सगळ्याच विहिरींना पाणी दिसतं. आपला जांभा दगड म्हणजे चाळण, 3000 मिलिमीटरवर पाऊस पडून मे महिन्यात आम्ही टँकरची वाट बघतो ते उगाच नाही. हिशोब करा. ऐन उन्हाळ्यात भाजीला दिवसाला चौरस मीटरमागे साधारण 5 लिटर पाणी धरतात. तुमचा वाफा साडेअठरा चौरस मीटर, पायवाट नि बांध सोडले तर लागवड 12 चौरस मीटरची. म्हणजे 60 लिटर, 15 लिटरच्या चार बादल्या, रोज. असे पंधरा-सोळा वाफे असले की विहिरीतून रोज हजार लिटरच्या आसपास उपसा. मे महिन्यात तळाला किती पाणी असतं ते मालकांना विचारू नका, शेजारच्या घरातल्या बाईंना विचारा. पंपाची किल्ली कोणाकडे, वीजबिल भाड्यात आहे की वेगळं, तेही आत्ताच ठरवा. भांडणं भाजीवरून होत नाहीत, शिंपण्याच्या पाळीवरून होतात.

अबोली_रत्नांग्री

काका, काल जाऊन आले. प्लॉट बिनशेती आहे, कागदपत्रं दाखवली. तुम्ही सांगितलेलं "पीकपाहणीला नाव नाही" हे वाक्य ऐकलं आणि स्वतःच म्हणाले, "हे लिहिणार असाल तर देतो सही." विहिरीचं शेजारच्या आजींना विचारलं. गुढीपाडव्यापर्यंत भरपूर, नंतर सकाळी एकदाच पंप चालतो म्हणाल्या. आणि ते ठण्ण वाजतं त्याचं काय करू?

परडं_दापोली

ठण्ण वाजतो तो कातळ, तिथे कुदळीशी झटापट करू नका. चिरे रचून वर फूटभर मातीचा गादीवाफा करा, नाहीतरी जुलैत सपाट वाफ्यातलं रोप कुजतंच. पहार जिथे सहज जाते तो कोपरा मागून घ्या. आपली माती आम्लधर्मी, पाऊस त्यातला चुना धुऊन नेतो आणि स्फुरद (फॉस्फरस) लोहात अडकून बसतं. शेणखत भरपूर घाला, बंबाची राख मिळाली तर थोडी थोडी. बियाण्यासाठी आमच्या दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे वाण बघा: कारल्याचं कोकण तारा, पडवळाचं कोकण श्वेता, दोडक्याचं कोकण हरिता. तिन्ही वेल एकाच मांडवावर चढतात, 200 फुटांत तेच परवडतं. कारल्याला वानरं आमच्याकडे तरी तोंड लावत नाहीत.

आणि फळमाशीचा सापळा घेताना आंब्याचा उचलून आणू नका. त्यातल्या मिथाइल युजेनॉल या आमिषाकडे वेलवर्गीय भाज्यांची माशी फिरकत नाही. तिला क्यू ल्युअर लागतं. दुकानदार दोन्हीला "फळमाशीचा सापळा" म्हणतात, पुडीवरचं नाव वाचून घ्या.

जुना_सातबारा

आजी खरं बोलल्या, आता त्याप्रमाणे वागा. सहा महिन्यांचं आगाऊ फेब्रुवारीपासून भरलंत तर त्यातला एप्रिल-मे कोरडाच जायचा. मालकांना म्हणा, भाडं 15 मेपासून सुरू करतो, तोवर मांडव नि गादीवाफे आमचे आम्ही घालून घेतो. त्यांचाही प्लॉट साफ होतोय, ऐकतील. अळवाचे चार कंद मी देईन, कुवारबावला येऊन न्या. विहिरीच्या कडेला सांडपाण्याच्या वाटेवर लावा. आणि सासूबाईंना मुळ्याचा नि लाल माठाचा कोपरा देऊन टाका, नवरात्राच्या सुमाराला पेरायला. बाजारभाव त्याच मोजतील मग.

अबोली_रत्नांग्री

15 मे मान्य झालं. 300 चे 350 केले तेवढं मात्र.