‘माहिती मिळताच…’ : पोलिसांना फोन केलात, तेव्हाचा अनुभव सांगा

डिचोली भागातून मी बरीच वर्षं वर्तमानपत्रांना बातम्या दिल्या. चोरी असो, मारामारी असो, अपघात असो, एक वाक्य ठरलेलं: ‘माहिती मिळताच पोलीस घटनास्थळी दाखल झाले.’ ही माहिती कुणीतरी जीव मुठीत धरून दिलेली असते आणि त्या माणसाबद्दल बातमीत अवाक्षर नसतं. आता पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका या सगळ्यांसाठी ११२ हा एकच क्रमांक चालतो. तुम्ही फोन केला असेल तर पलीकडून काय विचारलं, पुढे काय घडलं, ते लिहा. नावं मात्र टाळा.

पर्वरीहून

समोरच्या फ्लॅटमधले काका-काकी मुलीकडे पुण्याला गेले होते. रात्री दोनच्या सुमारास त्यांच्या बाल्कनीचं ग्रील कापल्याचा आवाज आला. ती करकर अजून कानात आहे. ह्यांना उठवलं आणि दिवा न लावता ११२ लावला. मी एका दमात सगळं सांगायला लागले, तर पलीकडच्या बाईंनी थांबवलं, ‘आधी जागा सांगा.’ कॉलनीचं नाव सांगितलं, पण त्याच नावाच्या दोन कॉलन्या आहेत. मग जवळ देऊळ कुठलं, रस्ता कुठून वळतो, मजला कितवा, माणसं किती दिसतात, खाली गाडी उभी आहे का, असं एकेक विचारत गेल्या. ह्यांना गॅलरीत जाऊन ओरडायचं होतं. बाई म्हणाल्या, ‘भितर रावात, दार उगडूं नाकात.’ (आत थांबा, दार उघडू नका.) गस्तीची गाडी येईपर्यंत चोर पाइपवरून उतरून पळाले. त्यांची कटावणी बाल्कनीतच पडली होती आणि काकींचं कपाट शाबूत होतं. आरडाओरडा करून चोर पळवावेत असं सांगणाऱ्यांशी मी भांडायला तयार आहे. कटावणी हातात असलेला माणूस वाटेत आलेल्याला सोडत नाही.

पेडण्याहून

आमचं घर पत्रादेवीजवळ, अगदी हद्दीला लागून. मोबाइलने महाराष्ट्राचा टॉवर पकडला आणि फोन तिकडच्या कक्षात गेला. त्यांनी गोव्याकडे जोडून दिला, पण मध्ये वेळ गेलाच. हद्दीवरच्या लोकांनी पहिलं वाक्य ‘गोवा, पेडणे तालुका’ असंच म्हणावं.

फोंड्याहून

आमच्याकडचा चोर घरात शिरलाच नाही. माझे थोरले दादा निवृत्त शिक्षक. त्यांना व्हिडिओ कॉल आला. खाकी गणवेश, मागे कार्यालय. ‘तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत, तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे, खोलीबाहेर पडायचं नाही.’ अशी अटक कायद्यात कुठेही नाही. पण ज्याने जन्मात पोलीस स्थानकाची पायरी चढली नाही, त्याची खाकी बघून गाळणच उडते. वहिनी चहा घेऊन गेली, तर दादांनी नुसत्या हाताने ‘जा’ म्हटलं. चहाला नाही म्हणणारा हा माणूस नव्हे, म्हणून तिने मला फोन केला. तोवर एक रक्कम गेली होती. लगेच १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा क्रमांक लावला. तिथे खाते क्रमांक, व्यवहाराचा क्रमांक, रक्कम आणि वेळ विचारतात. ते हाताशी ठेवा. बरेचसे पैसे पुढच्या खात्यात गोठवले गेले, थोडे निसटले. उशीर झाला असता तर ते दहा खात्यांत पांगले असते. दादा कितीतरी दिवस कुणाशी बोलले नाहीत. अशा माणसाला ‘एवढे शिकलेले असून कसे फसलात?’ असं कृपा करून कुणी विचारू नका.

कुठ्ठाळीहून

पावसात महामार्गावर दुचाकी घसरलेली बघून फोन केला. मागे पोलिसांचा ससेमिरा लागेल म्हणून सोबतचे ‘नको’ म्हणत होते. मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीने कलम १३४अ आलंय, मदत करणाऱ्याला आपलं नाव सांगायची सक्ती करता येत नाही. मुलगा बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) पोचला, वाचला.

मडगावहून

बसमधून पर्स गेली. एका पोलीस स्थानकात सांगितलं, ‘ही आमची हद्द नव्हे.’ १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याचं, कलम १७३ मी तिथेच सांगितलं: दखलपात्र गुन्हा (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) कुठल्याही हद्दीत घडो, तक्रार नोंदवून घ्यावीच लागते. मग कागद पुढे आला. एफआयआरची प्रत मोफत मिळते, ती मागून घ्या.

डिचोलीहून, पुन्हा मी

पर्वरीच्या ताई, तुमच्या फोनवरच्या त्या बाईंसारखं काम करणारं कुणी हे वाचत असेल, तर त्यांनीही लिहावं. रात्रपाळीत नेमकं कुठे अडतं, लोक काय सांगायचं विसरतात, ते आम्हाला त्यांच्याकडूनच कळेल.