डोंबिवलीतला जुना २ बीएचके विकायचाय, आधी रंग काढू का? (बजेट ५० हजार)

रेवा_ठाणे
नमस्कार मंडळी. बाबांनी १९९१ साली डोंबिवली पूर्वेला घेतलेला फ्लॅट विकायचा आहे. तिसरा मजला, लिफ्ट नाही. बाबा गेल्यावर आई माझ्याकडे ठाण्याला आली, घर दीड वर्ष बंद आहे. बेडरूमच्या एका भिंतीला ओल येऊन पोपडे सुटलेत, कडप्प्याचा जुना ओटा, हॉलमध्ये शिसवी झोपाळा, आणि माळा भांड्यांनी गच्च. दोन पार्ट्या बघून गेल्या, "कळवतो" म्हणाल्या, कळवलं कुणीच नाही. दसऱ्याच्या आत घर जरा बघण्यासारखं करायचंय. रंग, ओटा, बाथरूम, यातलं काय करू? बजेट ५० हजार, त्यावर एक रुपया नाही.

बेरकी_बाळू
किचन! कल्याणचा फ्लॅट विकताना मी मॉड्युलर करून घेतलं, २ लाख ८० हजार लागले. बायका किचन बघूनच हो म्हणतात. मागितला तो भाव मिळाला.

रेवा_ठाणे
बाळूदादा, ५० हजार लिहिलंय वर.

बेरकी_बाळू
मीपण हप्त्यांवरच केलं होतं.

निशिगंधा
"बायका किचन बघून" म्हणजे काय? आमच्याकडे ह्यांनी फक्त पार्किंग बघितलं आणि इसार देऊन मोकळे झाले. ओटा मीच बघितला असता तर घेतलं नसतं ते घर.

अण्णा७२
रंग काढाच. डिस्टेंपर नको, चुन्यासारखा हाताला लागतो. प्लास्टिक इमल्शन, बदामी. मी १९९८ ला मारलेला अजून तसाच आहे.

गच्चीवरचा_कावळा
अण्णा, तसाच आहे की तसाच ठेवलाय? 😄

सिव्हिलवाला_पश्या
पावसात रंग काढू नका, पैसे पाण्यात. आधी ओल कुठली ते शोधा. भिंत बारा महिने ओली असेल तर वरच्यांच्या बाथरूमचं गळतंय, नहाणीचा ट्रॅप (जाळीखालचं पाणी धरून ठेवणारं भांडं) नाहीतर पाइपचा सांधा. फक्त पावसाळ्यात ओली होत असेल तर बाहेरून प्लास्टरला भेग आहे. वरच्यांची गळती वरच्यांनी दुरुस्त करायची, बाहेरची भिंत सोसायटीने. दोन्ही खर्च तुमचे नाहीत. आज लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. ओल्या भिंतीवर पुट्टी मारलीत तर दिवाळीपर्यंत पापडासारखी फुगेल. आणि चार भिंती जुन्या, एकच कोरी करकरीत, हे बघितलं की घेणारा पहिला हात तिथेच लावतो. मी स्वतः लावतो.

अण्णा७२
हेच मी म्हणत होतो, आधी भिंत सुकवा, मग बदामी.

निशिगंधा
रेवा, घराला कुबट वास येतो का? बंद घरात नहाणीच्या ट्रॅपमधलं पाणी सुकतं आणि गटाराचा वास थेट वर येतो. आमच्या सासऱ्यांच्या घरात हेच झालं, लोक दारातूनच परत जायचे आणि आम्ही भिंतींना दोष देत बसलो. दर आठवड्याला प्रत्येक जाळीत दोन तांबे पाणी ओत. पेस्ट कंट्रोल, घासून सफाई, खिडक्यांच्या जाळ्या, सगळीकडे पांढरे एलईडी दिवे. आमचं सगळं १२ हजारांत झालं. आणि घर दाखवायचं ते नळाला पाणी यायच्या वेळेला. डोंबिवलीत माणूस आधी नळ सोडून बघतो. माळा मात्र रिकामा कर, मोडीत दे सगळं.

शिळफाटा_सदू
पितळी भांडी मोडीत?? कल्हई करून वापरा हो. आमच्या हिने दिली मोडीत, आता तसलंच पातेलं हजारोंना विकत आणलं.

निशिगंधा
सदूभाऊ, कल्हईवाला शेवटचा कधी दिसला तुमच्या गल्लीत?

शिळफाटा_सदू
रविवारी येतो. नंबर हवा असेल तर विपु (विचारपूस, म्हणजे खाजगी निरोप) करा.

(पुढचे चौदा प्रतिसाद कल्हईवर आहेत. कृपया वेगळा धागा काढा. – संपादक)

वास्तुप्रेमी
दार दक्षिणेला आहे का ते सांगा. ग्राहक टिकत नाहीत त्याचं कारण तिथे सापडेल.

कागदवाली
सगळं वाचलं. रंगाचं नंतर बघा. शेअर सर्टिफिकेट (सोसायटीच्या सभासदत्वाचा दाखला) कोणाच्या नावावर आहे?

रेवा_ठाणे
बाबांच्याच. नॉमिनी आई आहे. मी आणि भाऊ, भाऊ टोरांटोला. का?

कागदवाली
तुमच्या ग्राहकांनी "कळवतो" का म्हटलं त्याचं उत्तर हे असणार. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सोसायटी आईंना नॉमिनी म्हणून तात्पुरतं सभासद करून घेईल, पण मृत्युपत्र नसेल तर घरात तुम्हा दोघा भावंडांचाही हिस्सा आहे. घेणाऱ्याला कर्ज देणारी बँक हेच विचारणार. तुमचं आणि भावाचं आईंच्या नावे हक्कसोडपत्र करा, नोंदणीकृत, नुसतं नोटरी चालत नाही. भाऊ येणार नसेल तर त्याने तिकडच्या भारतीय वकिलातीत कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अॅटर्नी) करून पाठवावं. इकडे पोचल्यापासून ३ महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचं असतं. शिवाय १९९१चा मूळ करारनामा, बिल्डरच्या पावत्या, भोगवटा प्रमाणपत्र, घरपट्टी, सोसायटीचा बाकी नसल्याचा दाखला, हे सगळं एका फाइलला लावा.

बेरकी_बाळू
काही लागत नाही. आमच्या मामांचं नॉमिनीवरच झालं.

कागदवाली
घेणाऱ्याने रोख दिले असतील. तो विकायला निघेल तेव्हा मामांकडे येईल.

गच्चीवरचा_कावळा
सोसायटीकडे पण लक्ष ठेवा. आमच्या सेक्रेटरीने ट्रान्सफरसाठी १ लाख "विकासनिधी" मागितला होता. महापालिका हद्दीत ट्रान्सफर प्रीमियम जास्तीत जास्त २५ हजार. शासनाचं परिपत्रक छापून मीटिंगमध्ये वाचलं, तेव्हापासून माझ्याशी कुणी बोलत नाही. शांतता आहे.

अण्णा७२
रंगाची पावती जपून ठेवा, टॅक्सला उपयोगी पडते.

कागदवाली
नाही पडत अण्णा. रंगरंगोटी ही देखभाल, ती घराच्या किमतीत धरत नाहीत. घर २००१ च्या आधीचं आहे, म्हणून विक्रीच्या नफ्यावरचा टॅक्स काढताना खरेदी किंमत म्हणून १ एप्रिल २००१ चा बाजारभाव धरता येतो. त्यासाठी व्हॅल्युअरचा अहवाल घ्या. तुमच्या ५० हजारांतले थोडे तिकडे जाऊ द्या.

वास्तुप्रेमी
दाराचं कुणी सांगितलंच नाही.

रेवा_ठाणे
मंडळी, महिनाभराने लिहितेय, माफी. वरच्या काकूंचा ट्रॅपच फुटला होता. त्यांनी आधी "आमचं काही नाही" म्हटलं, अर्जाची पोच बघितल्यावर प्लंबर आला. भाऊ दिवाळीला येतोय, हक्कसोडपत्र तेव्हाच, म्हणजे दसरा गेला. रंग काढला नाही, ओट्याला हात लावला नाही. आईला घेऊन गेले होते, ती दोन तास झोपाळ्यावर बसली, माळा तसाच राहिला. खर्च १९ हजार. आणि तळमजल्यावर भाड्याने राहणारं जोडपं आहे, त्यांनीच विचारलं. आमच्या अपेक्षेपेक्षा ३ लाख कमी देतायत, पण जानेवारीपर्यंत थांबतो म्हणाले. आई हो म्हणाली. त्यांच्या मुलीला ती ओळखते, एवढंच कारण. मीही वाद घातला नाही.

बेरकी_बाळू
३ लाख! तेवढ्यात किचन झालं असतं.

अण्णा७२
अभिनंदन. त्यांना बदामी सांगा.

शिळफाटा_सदू
झोपाळा देणार आहात का? कड्या पितळी असतील तर मी येऊन बघतो.