गिग लेनवर परत आलेली माणसं

चौथ्या श्रेणीतला संघ वर्षानुवर्षं हरतो, तरी लोक त्याचे सामने बघायला का जातात, या प्रश्नावर मला इंग्लंडमधला ‘बरी एफसी’ हा फुटबॉल क्लब आठवतो. बरी हे मँचेस्टरच्या उत्तरेला असलेलं गिरण्यांचं गाव. 1885 पासून मैदान एकच, गिग लेन. 1903 च्या एफए कपच्या, म्हणजे इंग्लंडच्या फुटबॉल चषकाच्या, अंतिम सामन्यात त्यांनी डर्बी काउंटी संघाचा 6-0 असा फडशा पाडला होता! पण 2019 मध्ये तिसऱ्या श्रेणीत बढती मिळून जेमतेम चार महिने होतात तोच, आर्थिक घोळापायी क्लबला लीगमधून काढून टाकलं. त्याआधीच्या शेवटच्या दिवसांत, क्लब विकला जाऊन वाचेल या आशेवर शेकडो माणसं आपणहून मैदान साफ करायला आली होती. हे आठवलं की माझा गळा आजही दाटून येतो.

मग चाहत्यांनीच नवा क्लब काढला आणि शेजारच्या रॅडक्लिफच्या मैदानावर खेळवला. 2023 मध्ये, हा नवा क्लब आणि जुन्या क्लबसोबत राहिलेले चाहते असे दोन्ही गट एक झाल्यावर, गिग लेनवर पुन्हा लीगचे सामने सुरू झाले. तेही थेट खाली, नवव्या श्रेणीत. तरीही हजारो लोक आले. हरणं-जिंकणं पुढचं, शनिवारी दुपारी तीनला जायला आपलं मैदान आहे, हेच त्यांना हवं होतं.