गिरणी कामगारांच्या पोरांवर गुंडगिरीचा शिक्का मारू नका

गिरणगावकर:
काल इथे एकाने लिहिलं, '1982 च्या संपाने मुंबईला अंडरवर्ल्ड दिलं. बाप घरी बसला, पोरं टोळीत गेली.' वाचून रात्रभर झोप लागली नाही. माझे वडील गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते. 18 जानेवारीला संप सुरू झाला तेव्हा मी सातवीत. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले. आईने मंगळसूत्र गहाण ठेवलं. वडील भायखळ्याहून भाजी आणून फुटपाथवर बसायचे, ओळखीचं कुणी दिसलं की जुडी सोडवत मान खाली घालायचे. आमच्या माळ्यावर वीस खोल्या होत्या. टोळीत गेला तो एक. उरलेल्या एकोणीस खोल्यांचं कोण लिहिणार? आणि तारखा तरी बघा! टोळीवाला मन्या सुर्वे वडाळ्यात पोलिसांच्या गोळ्यांनी मेला 11 जानेवारीला, म्हणजे संपाच्या आठवडाभर आधी. हाजी मस्तान, करीम लाला, वरदराजन या डॉन लोकांचा जम तर कधीच बसला होता.

सातारी_बाणा:
टोळ्या आधीपासून होत्या, मान्य. पण गोळ्या झाडायला पोरं कुठून मिळाली? डॉन अरुण गवळीही गिरणी कामगाराच्याच घरातला ना? तुमच्या माळ्यावरचा एक, तसा प्रत्येक चाळीत एक धरला तरी टोळी उभी राहते.

जुना_दादरकर:
दोघंही मूळ सोडून बोलताय. मूळ 1949 च्या दारूबंदीत आहे. हातभट्टीची दारू सायकलच्या ट्यूबमध्ये भरून यायची, हवालदाराचा हप्ता ठरलेला. माझा सख्खा काका त्या पैशावर शिकला, आज सांगतो. वरदराजन त्यातूनच मोठा झाला. सोन्याचं तेच. सरकारने बंदी घालायची आणि तस्करांनी बंगले बांधायचे. 1990 ला सुवर्ण नियंत्रण कायदा गेला आणि तस्करीतली कमाई आटत गेली, तशी बिल्डर आणि सिनेमावाल्यांकडून खंडणी वाढली.

निशिगंधा:
दारूबंदीला नावं ठेवण्याआधी घरातल्या बाईला विचारा. माझ्या वडिलांचा पगार शनिवारी गुत्त्यात जायचा, आई रविवारी उसने तांदूळ आणायची. चंद्रपूरच्या बायकांनी वर्षानुवर्षं भांडून 2015 ला बंदी मिळवली, ती 2021 ला उठवली. त्यांचं कुणी ऐकलं?

जुना_दादरकर:
ताई, तुमचं दुःख खरं आहे. पण बंदी असतानाही चंद्रपुरात दारू मिळतच होती. वर पोरं पोत्यातून बाटल्या पोचवायला लागली ती वेगळीच.

निशिगंधा:
मग पोचवणाऱ्यांना पकडा! चोरी होते म्हणून चोरीचा कायदा रद्द करता का? हे मी ऐकून घेणार नाही.

सातारी_बाणा:
धागा संपाचा आहे. दारूसाठी वेगळा काढा.

गिरणगावकर:
संपावरच बोलतो. मुंबईच्या 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या 58 व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनी विकायची वाट उघडली. त्यानंतरचे खून बघा. खटाव गिरणीचे मालक सुनीत खटाव 7 मे 1994 ला भर रस्त्यात मारले गेले, संपाचे नेते डॉ. दत्ता सामंत 16 जानेवारी 1997 ला. जिथे जमिनीचा पैसा आला तिथे बंदुका आल्या. भाकरीला महाग झालेल्या कामगाराच्या माथी हे मारू नका.

सातारी_बाणा, पोरं आमच्यातली होती हे मला नाकारता येत नाही. तो एक माझ्याच बाकावर बसायचा. त्याची आई पुढे कुणाच्या बारशालाही आली नाही. पण माझ्या वडिलांनी मरेपर्यंत भाजीच विकली. त्यांचा गिरणीचा पास आजही आईच्या पत्र्याच्या पेटीत आहे, गिरणी कामगारांसाठीच्या म्हाडाच्या घराच्या अर्जासाठी जपलेला.