मदत हवी आहे: पुढच्या काचेवर पाणी उडत नाही, मोटरचा आवाज मात्र येतो

नमस्कार मंडळी,

गाडी जुनी पेट्रोल हॅचबॅक आहे. वायपरचा दांडा स्वतःकडे ओढला की वॉशरची (काचेवर पाणी उडवणारी) मोटर घुरघुरते, वायपर दोन-तीन हात मारतात, पण पुढच्या काचेवर पाणी येत नाही. दांडा पुढे ढकलला की मागच्या काचेवर मात्र फवारा जोरात उडतो.

बिघाड कधी झाला ते सांगता येणार नाही. जून ते सप्टेंबर आमच्याकडे काच धुवायला आभाळ समर्थ असतं, वॉशरला कोणी हात लावत नाही. दसऱ्यानंतर ऊन पडलं तेव्हा कळलं. मी गुहागरकडचा. दापोलीला जायचं म्हणजे धोपावे-दाभोळ फेरीबोट. खाडीचे तुषार काचेवर बसून वाळतात आणि पुढे रस्त्यावर चिऱ्याच्या ट्रकांची तांबडी धूळ त्यावर चिकटते. कोरडा वायपर फिरवला की मीठ-मातीचा पट्टा काचभर पसरतो. परतताना एका वळणावर मावळतीचं ऊन त्या पट्ट्यावर पडलं आणि समोरून येणारी एसटी अगदी जवळ आल्यावर दिसली. मागे मुलं बसली होती. त्यामुळे हे काम मला आता लगेच करून घ्यायचंय.

तपासून झालेलं सांगतो. टाकी भरलेली आहे. नोझलची भोकं बारीक टाचणीने साफ केली. बॉनेटच्या बिजागरीपाशी पाईप दुमडलेला नाही. तिथला जोड सोडवून नोझलच्या बाजूला फुंकर मारली तर हवा सरळ बाहेर येते. मग त्याच जोडापाशी पाईप मोकळा धरून मुलीला दांडा ओढायला लावलं, तर पाण्याची नुसती लाळ गळली, जोर अजिबात नाही. गाडी मांगराशेजारी (गोठा-कोठाराच्या खोपीशेजारी) उभी असते, म्हणून पहिला संशय उंदरांवर होता. पण पाईप कुठे कुरतडलेला दिसत नाही आणि गाडीखाली ओलही नाही.

गॅरेजवाले म्हणतात टाकी, मोटर, पाईप सगळा सेट बदला. मागे पाणी उडतंय म्हणजे मोटर चांगली असणार ना? मग टाकी कशाला बदलायची? टाकीत विहिरीचं पाणी असतं, तळाला थोडा तांबूस गाळ दिसतो. त्याचा काही संबंध असेल का? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद:
दादा, टाकी बदलू नका. आधी एक करा. घरातल्या कुणाला तरी गाडीच्या मागे उभं करा आणि दांडा पुढच्या फवाऱ्यासाठी ओढा. मागच्या काचेवर पाण्याचा ओघळ येतो का बघा.

मूळ प्रश्नकर्ता:
आत्ताच बघितलं. येतो! फवारा नाही, पण मागच्या नोझलमधून पाणी ओघळतंय. हे कसं काय?

प्रतिसाद:
मग दुखणं सापडलं. अशा बऱ्याच गाड्यांत पुढे-मागे मिळून एकच मोटर असते, तिला दोन तोंडं. दांडा ओढला की ती एका दिशेने फिरते, ढकलला की वीज उलटी जाते आणि ती उलटी फिरते. दोन्ही तोंडांच्या मध्ये रबराचा पातळ पडदा असतो. ज्या बाजूला दाब येतो ती उघडते, दुसरी बंद होते. चार महिने पाणी हललं नाही की गाळ आणि शेवाळाचा चिकटा त्या पडद्यावर बसतो. तो एका अंगाला अडकला की पुढचं पाणी मागे पळतं. म्हणजे मोटर फिरते हे तुमचं म्हणणं बरोबर, पण दोष मोटरच्याच तोंडाशी आहे.

टाकी बहुतेक गाड्यांत पुढच्या चाकाजवळ, आतल्या प्लास्टिकच्या मागे असते. चाक काढून ते प्लास्टिक सोडवा. खाली बादली ठेवा, कारण मोटर टाकीला जिथे बसते त्या रबरी बुशमधून ओढली की सगळं पाणी खाली येणार. कुठला पाईप कुठल्या तोंडाचा त्याची खूण आधी करून ठेवा, नाहीतर पुढचं मागे उडेल. मोटर कोमट पाण्यात बुडवून दोन्ही दिशांनी थोडी थोडी चालवा. कोरडी चालवू नका, खराब होते. पडदा सुटला नाही तर फक्त मोटर बदला, ती सुटी मिळते. बुशपाशी जाळी असेल तर तीही धुवा.

दुसरा प्रतिसाद:
कुणाच्या गाडीत मोटरचा आवाजच येत नसेल तर आधी फ्यूज बघा, मग मोटरचा कनेक्टर. किनाऱ्यावर त्याच्या पिना हिरव्या पडतात. दांडा ओढून धरला असताना तिथे मल्टिमीटरवर 12 व्होल्ट येत असतील आणि तरी मोटर गप्प असेल, तर मोटर गेली. व्होल्टच येत नसतील तर मोटर विकत घेऊ नका, दोष वायरिंगमध्ये किंवा दांड्याच्या स्विचमध्ये आहे.

मूळ प्रश्नकर्ता:
मनापासून आभार! मोटर काढली. आत तोंडाशी तांबडा बुळबुळीत थर होता, जाळी तर गाळाखाली दिसतच नव्हती. कोमट पाण्यात पुढे-मागे चालवल्यावर मोटरच्या तोंडातून गाळाची गुठळी बाहेर पडली आणि मागचा ओघळ थांबला. टाकी धुऊन घेतली, आता गाळलेलं पिण्याचं पाणी भरलंय. उजवा नोझल छान उडतोय. डाव्याचं पाणी काचेवरून छतावर जातंय, त्याच्या भोकाची फिरणारी गोळी टाचणीने किती खाली वळवू?

प्रतिसाद:
अगदी किंचित. फवारा काचेच्या मध्याच्या थोडा वर पडला पाहिजे, गाडी पळताना वारा त्याला खाली दाबतो.